अर्धवेळ सैनिक, पूर्णवेळ सिद्धता

सैन्याची सिद्धता म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर सामान्य नागरिक बहुधा संचलनाच्या मैदानावर शोधतो. एका तालात पडणारी पावले आणि सरळ रेषेतील खांदे पाहिले, की दल सज्ज आहे अशी त्याची खात्री पटते. अर्थसंकल्प मांडणारे तीच सिद्धता आकड्यांत शोधतात : इतके जवान, इतक्या तोफा, इतका खर्च. या दोन्ही समजुती किती अपुऱ्या आहेत हे पाहावयाचे असेल, तर ऑस्ट्रेलियाचे सेनानी सर जॉन मोनॅश यांच्या चरित्राकडे वळावे. या माणसाने तीस वर्षे एका वसाहतीच्या अर्धवेळ लष्करी दलात काढली. पोटापाण्याचा उद्योग पूल बांधण्याचा आणि सैनिकी सुटीच्या दिवसाची. पुढे १९१८ मध्ये याच माणसाने फ्रान्समध्ये पाच डिव्हिजनांच्या ऑस्ट्रेलियन कोअरचे नेतृत्व केले आणि पश्चिम आघाडीवरील काही अत्यंत निर्णायक लढाया जिंकल्या. हौशी दलातून असा सेनापती निर्माण कसा झाला आणि त्या दलाच्या शिक्षणाचा त्यात वाटा किती, हा प्रश्न केवळ लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही.

मोनॅश यांचा जन्म २७ जून १८६५ रोजी मेलबर्न येथे झाला. आईवडील प्रशियातून आलेले ज्यू. वडील दुकानदार, सांपत्तिक स्थिती बेताचीच. मुलगा शाळेत अत्यंत हुशार ठरला. परंतु विद्यापीठात पाऊल टाकताच नाटके, वाचनालये आणि वादविवाद यांत इतका रमला की पहिल्याच वर्षाच्या परीक्षेत नापास झाला. त्यातून तो सावरला. पण १८८५ मध्ये आईचे निधन झाले आणि शिक्षण अर्धवट टाकून त्याला पुलाच्या बांधकामावर नोकरी धरावी लागली. पुढे नोकरी सांभाळूनच त्याने अभियांत्रिकी, कला आणि कायदा या तिन्ही शाखांच्या पदव्या मिळविल्या. दिवसा बांधकाम, रात्री पुस्तक आणि उरलेल्या वेळात कवायत असा हा क्रम होता.

वसाहतीचे दल

ही कवायत ज्या दलात चालत असे, त्याची घडण समजून घेणे अगत्याचे आहे. व्हिक्टोरिया वसाहतीत क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५४ मध्ये, स्वयंसेवकांची पथके उभी राहिली. १८७० मध्ये ब्रिटिश पलटणी ऑस्ट्रेलियातून परत गेल्या आणि संरक्षणाचा भार वसाहतींवरच येऊन पडला. निव्वळ हौसेवर चालणाऱ्या पथकांचे जे सर्वत्र होते तेच तेथेही झाले. संकटाची आवई उठली की भरती वाढावयाची, आवई विरली की मैदाने ओस पडावयाची. म्हणून १८८४ मध्ये व्हिक्टोरियाने ही पथके मोडून त्यांच्या जागी अल्प वेतन देणारी मिलिशिया उभारली. माणूस आपल्या इच्छेनेच दाखल होई; मात्र एकदा दाखल झाला की हजेरीचे बंधन असे आणि त्या हजेरीचा मोबदलाही मिळे. त्याच वर्षी मोनॅश विद्यापीठाच्या तुकडीत साधा शिपाई म्हणून दाखल झाले.

दुसऱ्याच वर्षी पंजदेहचा पेच उद्भवला. अफगाणिस्तानच्या सीमेवर रशियन फौजा पुढे सरकल्या आणि हजारो मैल दूर असलेल्या मेलबर्नमध्ये रशियन युद्धनौका बंदरात शिरणार अशी भीती पसरली. याच पंजदेहच्या वर्षी आपल्याकडेही सुशिक्षित मंडळींनी स्वयंसेवक पथकांत प्रवेश मिळावा अशी मागणी केली होती. हिंदुस्थानातील ही पथके मुख्यतः युरोपियन व अँग्लो-इंडियन यांच्यापुरती राखलेली होती. सरकारने मागणी फेटाळली. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात राष्ट्रीय सभेने ती पुन्हा मांडली, तरीही दार उघडले नाही. एकाच साम्राज्याच्या दोन वसाहती. एकीतील दुकानदाराच्या मुलाच्या हाती तोफ दिली जात होती, दुसरीतील पदवीधराच्या हाती बंदूकही देण्याची सरकारची तयारी नव्हती. पुढे या दोन्ही देशांची माणसे एकाच आघाडीवर मरावयाची होती, हे लक्षात घेता हा भेद अधिकच बोचतो.

१८८७ मध्ये मोनॅश यांना नॉर्थ मेलबर्न बॅटरीत अधिकारपद मिळाले. हे दल किनाऱ्यावरील तोफखान्याचे होते. पोर्ट फिलिप या विस्तीर्ण उपसागराच्या मुखाशी असलेल्या किल्ल्यांवरील तोफा चालविणे हे त्याचे काम. आठवड्यातील संध्याकाळची कवायत आणि ईस्टरच्या सुटीतील शिबिर एवढाच काय तो शिक्षणाचा अवधी. बरे, कवायतीसाठी आधुनिक तोफ शहरात आणणार कोठून? मोनॅश यांनी एका सहकाऱ्याच्या साथीने मागून भरावयाच्या तोफेची लाकडी प्रतिकृती तयार केली आणि तिच्यावर गोलंदाजांचे हात बसविले. साधनसामग्री नाही म्हणून शिक्षण थांबविण्याऐवजी शिक्षणाचे साधन स्वतः बनविण्याची ही वृत्ती त्यांच्या पुढील सर्व कार्याची गुरुकिल्ली म्हणावी लागेल.

१८९० नंतर मेलबर्नवर आर्थिक अरिष्ट कोसळले. जमिनीच्या सट्ट्याचा फुगा फुटला, बँका बुडाल्या, सार्वजनिक बांधकामे बंद पडली. अशा वेळी सरकारची कात्री ज्या खात्यांवर प्रथम चालते त्यांत संरक्षण असतेच. दलाचे अनुदान घटले, शिबिरे आखडली. स्वतः मोनॅश यांची बंदर न्यासातील नोकरी १८९४ मध्ये गेली. एका भागीदारासह त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि लोखंडी सळ्या घालून केलेल्या काँक्रीटच्या पुलांचे तंत्र व्हिक्टोरियात रुजविले. या वाटेतही ठेचा लागल्या. १९०१ मध्ये बेंडिगो येथील त्यांचा एक पूल चाचणीच्या वेळीच कोसळला आणि एकाचा बळी गेला. कज्जेखटल्यांनी कर्जाचा डोंगर उभा केला. पण याच काळात त्यांनी बॅटरी सोडली नाही. १८९७ मध्ये मेजर म्हणून तिचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले आणि पुढील अकरा वर्षे ते तेथेच राहिले. बढती नाही, प्रत्यक्ष युद्ध नाही, मान तर बेताचाच. बाहेरून पाहणाऱ्याला ही वर्षे वाया गेली असेच वाटले असते.

शिक्षणाने काय दिले?

ती वाया गेली काय? येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे. बॅटरीतील तोफा शत्रूच्या नौकेवर चालविण्याची वेळ मोनॅश यांच्यावर कधी आली नाही. ज्या किनारी युद्धासाठी या दलाने वर्षानुवर्षे तयारी केली, ते युद्ध त्यांच्या वाट्याला आलेच नाही. जे आले ते हजारो मैलांवर, डोंगरात आणि चिखलात. त्या दृष्टीने हे प्रशिक्षण निरुपयोगी ठरले असे कोणी म्हटल्यास त्यात तथ्य आहे. परंतु प्रशिक्षणाचे फळ दुसरीकडे साठत होते. स्वखुशीने आलेल्या, दिवसभर राबून थकलेल्या माणसांकडून हुकमापेक्षा समजावणीने काम कसे करवून घ्यावे, हे मोनॅश तेथे शिकले. कारकून, सुतार, गवंडी, दुकानदार यांच्या दलात अधिकाऱ्याचा दरारा कपड्यावर अवलंबून राहत नाही. त्याला विषय कळतो की नाही हे माणसे पाहतात. १९०८ मध्ये त्यांना नव्या गुप्तवार्ता दलाच्या व्हिक्टोरिया शाखेचे प्रमुख करण्यात आले. तेथील मुख्य काम नकाशांचे. अमेरिकन यादवी युद्धातील १८६४ च्या एका मोहिमेवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला सुवर्णपदक मिळाले. ज्याने युद्ध पाहिले नव्हते त्याने युद्ध वाचून काढले होते.

दरम्यान ऑस्ट्रेलियाने आपले धोरण बदलले. लॉर्ड किचनेर यांनी १९१० मध्ये पाहणी करून अहवाल दिला आणि १९११ पासून मुलांना व तरुणांना लष्करी शिक्षण सक्तीचे झाले. कवायतीला गैरहजर राहिल्याबद्दल हजारो मुलांवर खटले भरले गेले. कागदावरील संख्या फुगली. पण शिक्षक अपुरे, वेळ तुटपुंजा आणि मन लागत नाही अशी अनेक पथकांची अवस्था होती. १९१३ मध्ये मोनॅश कर्नल होऊन एका पायदळ ब्रिगेडचे प्रमुख झाले. कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी त्यांनी शंभर सूचनांची एक छोटी पुस्तिका तयार केली. १९१४ च्या फेब्रुवारीत जनरल सर इयन हॅमिल्टन यांनी त्यांच्या ब्रिगेडचे शिबिर पाहिले आणि या अर्धवेळ अधिकाऱ्याचे नाव ध्यानात ठेवले. अवघ्या चौदा महिन्यांनी याच हॅमिल्टन यांच्या सेनापतित्वाखाली मोनॅश गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले.

१९०३ च्या संरक्षण कायद्यानुसार मिलिशियाला तिच्या इच्छेविरुद्ध देशाबाहेर पाठविता येत नव्हते. म्हणून १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटताच ऑस्ट्रेलियाला सर्वस्वी नवे स्वयंसेवक सैन्य उभारावे लागले. तीस वर्षे जोपासलेले दल जसेच्या तसे कामी येऊ शकले नाही. कामी आली ती त्यातून तयार झालेली माणसे. नव्या सैन्याच्या चौथ्या ब्रिगेडचे प्रमुखपद मोनॅश यांना मिळाले. त्यांचे वय तेव्हा एकोणपन्नास होते, शरीर स्थूल होते, आणि जर्मन वळणाचे आडनाव व ज्यू धर्म यांवरून कुजबुजही सुरू झाली होती.

गॅलिपोली ते हामेल

२६ एप्रिल १९१५ रोजी मोनॅश गॅलिपोलीत उतरले. येथे त्यांची कारकीर्द देदीप्यमान झाली असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ऑगस्टमधील मोठ्या चढाईत त्यांच्या ब्रिगेडला रात्रीच्या अंधारात, नकाशात धड न उतरलेल्या घळीतून एक उंच शिखर गाठावयाचे होते. आमांशाने खंगलेली माणसे, चुकलेली वाट, उजाडले तेव्हा शिखर अद्याप दूरच. ८ ऑगस्टचा हल्ला जबर हानी सोसून मोडला. त्यांच्या शेजारीच त्याच मोहिमेत एकोणतिसावी हिंदी ब्रिगेड, म्हणजे आपले शीख व गुरखा जवान, लढत होती आणि मरत होती. या पराभवाने मोनॅश यांना जे शिकविले ते कोणत्याही शिबिरात शिकता आले नसते. शूर माणसांच्या बळावर आखणीतील उणीव भरून काढता येत नाही, हा तो धडा होय.

१९१६ मध्ये त्यांच्याकडे तिसरी ऑस्ट्रेलियन डिव्हिजन सोपविण्यात आली. ही सारी माणसे नवीन होती. इंग्लंडमधील सॅलिसबरी पठारावर लार्कहिल येथे त्यांनी काही महिने तिला घडविले. सरावाचे खंदक खणून त्यांत प्रत्येक तुकडीकडून तिला पुढे करावयाचे काम पुनःपुन्हा करवून घेतले. नोव्हेंबरात ही डिव्हिजन फ्रान्सला गेली आणि ७ जून १९१७ रोजी मेसीनच्या लढाईत उतरली. सविस्तर लेखी सूचना, नकाशे, मातीच्या प्रतिकृती आणि शिपायापर्यंत पोचविलेली कल्पना ही त्यांची पद्धत येथे प्रथम कसोटीस उतरली. ४ ऑक्टोबरच्या ब्रूडसाइंडेच्या लढाईतही यश आले. पण त्यानंतर आठच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, पाशेनडेलच्या चिखलात हीच डिव्हिजन आणि हाच सेनानी पूर्णतः अपयशी ठरले. माणसे तीच होती, शिक्षण तेच होते. तयारीला पुरेसा अवधी नव्हता, तोफा चिखलात रुतल्या होत्या आणि वरून आलेला हुकूम थांबावयास तयार नव्हता. सिद्धता ही एकदा मिळवून कोठारात ठेवण्याची वस्तू नव्हे. प्रत्येक कामासाठी ती नव्याने करावी लागते, याचा याहून कठोर पुरावा कोणता?

१९१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस ऑस्ट्रेलियन कोअरचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ही नेमणूक रद्द व्हावी म्हणून काही वजनदार वृत्तपत्रकारांनी पंतप्रधानांपर्यंत खटपट केली, ती निष्फळ ठरली. ४ जुलै रोजी हामेल या खेड्यावर मोनॅश यांनी जो हल्ला केला तो आकाराने लहान, पण आखणीत आदर्श होता. अंतिम बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर शंभराहून अधिक विषय होते आणि त्या सर्वांचा निर्णय झाल्यावरच बैठक उठली. पायदळ, तोफखाना, रणगाडे आणि विमाने यांचे काम मिनिटामिनिटाला जुळविलेले होते. विमानांनी हवाई छत्रीने दारूगोळा टाकला. रसद वाहणाऱ्या अवघ्या चार रणगाड्यांनी सुमारे बाराशे हमालांचे काम केले. म्हणजे तितकी माणसे गोळीबाराच्या टप्प्यातून वाचली. लढाईसाठी नव्वद मिनिटांचा अंदाज होता, ती त्र्याण्णव मिनिटांत संपली. यंत्राने जे होईल ते माणसाच्या रक्ताने करावयाचे नाही, हा अभियंत्याचा हिशेब येथे रणभूमीवर उतरला होता.

८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियाँजवळ ऑस्ट्रेलियन आणि कॅनेडियन कोअर यांनी जर्मन आघाडी फोडली. जर्मन सरसेनापतींनीही हा दिवस आपल्या सैन्याच्या दृष्टीने सर्वांत काळा मानला. विशेष असे, की कॅनेडियन कोअरचे प्रमुख आर्थर करी हेही मूळचे शाळामास्तर व जमीनजुमल्याचे दलाल, आणि वसाहतीच्या तोफखान्याच्या मिलिशियात साध्या गोलंदाजापासून वर चढलेले. चार दिवसांनी पंचम जॉर्ज यांनी मोनॅश यांना रणक्षेत्राजवळच सरदारकी बहाल केली.

यावरून हौशी सैनिक व्यावसायिकापेक्षा श्रेष्ठ, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. मोनॅश यांचे प्रमुख कर्मचारी अधिकारी थॉमस ब्लेमी हे पूर्णवेळ सैनिक होते आणि त्यांचे उच्च शिक्षण त्या वेळच्या हिंदुस्थानात, क्वेट्याच्या स्टाफ कॉलेजात, झाले होते. तोफा, रणगाडे व दारूगोळा ब्रिटनच्या कारखान्यांतून येत होता. आणि १९१८ चा ऑस्ट्रेलियन शिपाई हा आता हौशी राहिलेला नव्हता. तीन वर्षांच्या भीषण युद्धाने त्याला घडविले होते. या शिक्षणाची किंमतही तशीच होती. सुमारे साठ हजार ऑस्ट्रेलियन त्या युद्धात कामी आले. सक्तीच्या भरतीचा प्रस्ताव जनतेने १९१६ आणि १९१७ अशा दोन्ही सार्वमतांत फेटाळला, त्यामुळे गळालेल्यांच्या जागी नवी माणसे पुरेशी येत नव्हती. तरीही मोनॅश त्याच माणसांना पुनःपुन्हा पुढे ढकलीत राहिले. सप्टेंबरमध्ये एका पलटणीतील शंभराहून अधिक जवानांनी पुढे जाण्यास नकार दिला. शत्रू खचला असताना त्याला उसंत देऊ नये, हा मोनॅश यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. परंतु स्वयंसेवकाच्या स्वेच्छेलाही सीमा असते, हे त्या नकाराने दाखवून दिले. चरित्रकाराने ही बाजू झाकू नये.

युद्धानंतर

युद्ध संपल्यावर सुमारे एक लाख साठ हजार माणसांना पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घरी पोचविण्याचे काम त्यांच्याकडे आले. जहाजांची टंचाई असूनही ते त्यांनी अपेक्षेपेक्षा पुष्कळच लवकर उरकले आणि वाट पाहणाऱ्या सैनिकांसाठी व्यवसाय शिक्षणाची योजना राबविली. पुढे व्हिक्टोरियाच्या वीज आयोगाचे प्रमुख म्हणून त्यांनी लाट्रोब खोऱ्यातील पाण्याने जड झालेल्या, हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशापासून वीज निर्माण करण्याचे जवळजवळ अशक्य वाटणारे काम तडीस नेले. १९२४ मध्ये यॅलोर्नची वीज मेलबर्नला पोचली. लष्करात वापरलेली आखणीची शिस्त नागरी कामात कशी उतरते, याचे हे उदाहरण. किंबहुना ती शिस्त मुळात नागरी कामातूनच लष्करात गेली होती.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग मात्र मला हामेलपेक्षाही मोठा वाटतो. १९२९ मध्ये ऑस्ट्रेलियाने सक्तीचे लष्करी शिक्षण स्थगित केले आणि त्याच सुमारास जागतिक मंदीचा तडाखा बसला. बेकारी वाढली, सरकारवरील विश्वास उडाला. तेव्हा काही धनिक व माजी सैनिक मंडळींनी मोनॅश यांना गळ घातली, की त्यांनी पुढे यावे आणि सत्ता हाती घ्यावी. देशात त्यांच्याएवढी लोकप्रियता कोणाला नव्हती. हाकेला धावून येणारे सैनिक हजारोंनी होते. मोनॅश यांनी साफ नकार दिला. सरकार बदलावयाचे तर ते मतपेटीतून आणि मतदारांच्या शिक्षणातून, अशा आशयाची समज त्यांनी दिली. ज्या काळात युरोपात सैनिकी गणवेष सत्तेची शिडी ठरत होता, त्या काळातला हा नकार आहे. नागरिकाला सैनिक करण्याच्या शिक्षणात सैनिकाने नागरिक राहण्याचा धडा अंतर्भूत असावा लागतो, नाही तर ते शिक्षण राष्ट्राला महागात पडते.

१९३१ च्या आरंभी नव्या दिल्लीच्या उद्घाटन समारंभाला ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी म्हणून ते आपल्या देशात येऊन गेले. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला अडीच लाखांहून अधिक लोक लोटले असा अंदाज आहे. थडग्यावर पदव्या नकोत, केवळ नाव असावे अशी त्यांची इच्छा होती आणि तसेच झाले.

आपल्याकडे जे दार १८८५ मध्ये बंद राहिले, ते महायुद्धाच्या निकडीने १९१७ मध्ये किलकिले झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्र सेना आणि १९४९ मध्ये प्रादेशिक सेना आली. महाविद्यालयांच्या मैदानांवर आज सकाळी जी पावले पडतात त्यांच्यामागे इतका इतिहास आहे. त्या कवायतीतून किती जण लष्करात गेले, एवढीच चौकशी आपण करतो. लाकडाची तोफ करून शिकविणारा एखादा शिक्षक तेथे आहे काय, आणि दिलेले काम शेवटच्या तपशिलापर्यंत विचारपूर्वक आखावे ही सवय एखाद्या मुलाला तेथे लागते काय, हेही आपण विचारावयास हवे. नॉर्थ मेलबर्नच्या त्या लहानशा बॅटरीने आपल्या तीन दशकांच्या खर्चाच्या बदल्यात देशाला यापेक्षा अधिक काही दिले नाही. आणि देशाला ते पुरून उरले.